चुकीच्या कपाटातली दोनशे चौदा पुस्तकं

आमच्या वाचनालयाच्या बाईंनी एका माणसाला केवळ शिंकला म्हणून बाहेर काढलं, ही गोष्ट आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे. सांगणारा दर वेळी वेगळा असतो आणि शिंकांचा आकडाही. मधल्या सुट्टीत ऐकलीत तर एक शिंक, शाळा सुटताना ऐकलीत तर तीन. एकाने तर मला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की बाईंनी नुसतं बोट वर केलं आणि त्या माणसाची चौथी शिंक नाकातल्या नाकातच जिरली.

खरी गोष्ट मला ठाऊक आहे, कारण ह्या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. माणूस शिंकला हे खरं. बाहेर गेला हेही खरं. पण त्याच्या अंगात ताप होता, आणि आत्याने दोन जाड पुस्तकं त्याच्या काखेत कोंबून त्याला घरी पाठवलं. "पांघरुणात शिरा आणि हे वाचा. खून कुणी केला ते ताप उतरल्यावर बघा, आधी नको, डोकं चढेल," असं ती त्याच्या कानाशी कुजबुजली. आता आत्याची कुजबुज म्हणजे काय चीज आहे, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. रस्त्यापलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "बाई, ताप कुणाला आलाय?"

म्हणजे बघा, ज्या खोलीत शांतता राखायची त्या खोलीतला सगळ्यांत मोठा आवाज ती राखणारीचाच. एक निवृत्त मास्तर रोज तिला भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी दाखवतात. "पाटी मीच लावलीय, मास्तर," ती कुजबुजते, आणि शिंपी पुन्हा मशीन थांबवतो.

वाचनालय म्हणजे एक लांबलचक खोली. बावीस कपाटं, पाच पंखे, त्यातला तिसरा पंखा सतत नकार दिल्यासारखा मान हलवत फिरणारा. दाराशी काउंटर, काउंटरमागे आत्या, आणि आत्याच्या मागे स्टुलावर शिपाईकाका. त्यांना सगळे 'तार' म्हणतात, कारण ते शब्द मोजून बोलतात. "पुस्तक आलं. ठेवलं. बायको माहेरी. पंखा बिघडला." कुठली बातमी सुखाची आणि कुठली दुःखाची, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

तीस वर्षांपूर्वी आत्या लागली तेव्हा काम सोपं होतं. पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, परत आलं की जागेवर ठेवायचं. हल्ली पुस्तक मागणाऱ्या एका माणसामागे पाच जण भलतंच काही मागायला येतात. मी शाळेतून थेट तिथेच जाते, गृहपाठाच्या नावाखाली, आणि कान टवकारून बसते.

"बाई, माझा फोटो अडकलाय."

"कुठे अडकलाय?"

"नोकरीच्या अर्जात. फोटो मोठा आहे म्हणतो, आत घेत नाही. मी तर उलट बारीक झालोय हल्ली."

आत्या फोटो लहान करून देते. दवाखान्यातून आलेला कागद वाचून दाखवते, आणि तो वाचताना मात्र आवाज कसा कोण जाणे खरंच खाली आणते. कुणाला पासवर्ड आठवत नाही, तर कुणाला आठवतो आणि तो सगळ्या खोलीला मोठ्याने सांगतो. संगणक ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकली. तिने पहिली ईमेल माझ्या बाबांना पाठवली, शेजारच्या खोलीतून: 'जेवायला ये.' बाबांनी ती आठ दिवसांनी उघडली आणि उत्तर पाठवलं: 'आलो.'

पण मुख्य कचेरीला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना दर तीन महिन्यांनी एकच आकडा लागायचा, किती पुस्तकं बाहेर गेली. तो आकडा खाली चालला होता. म्हणून त्यांनी ठरवलं की काउंटरवर एक यंत्र बसवायचं. वाचकाने पुस्तक त्याच्यापुढे धरायचं, यंत्र 'टूंक' करणार, झालं. आणि ते यंत्र बसवायला, आणि ते आलं की ग्रंथपाल हवाच कशाला हे तपासायला, त्यांनी एक साहेब पाठवले.

साहेब तिशीतले, सडपातळ, सभ्य. चपला दाराबाहेर काढून आत येणारे. त्यांच्यात खोट एकच होती, ते पुस्तकाला पुस्तक म्हणत नसत. "बेसिकली, मॅडम, आपल्याकडे अकरा हजार चारशे सहा आयटम आहेत. बेसिकली, प्रत्येक आयटमला एक नंबर. नंबरप्रमाणे कपाट, कपाटाप्रमाणे खण. बरोबर?"

"बरोबर," आत्या म्हणाली. पण ते 'बरोबर' जरा बारीक आलं, हे मी तेव्हाच टिपलं होतं.

तीन दिवस साहेब आणि तारकाका हातातलं यंत्र घेऊन कपाट-कपाट फिरले. एकेका खणाची यादी लावायची आणि त्या यादीतली तेवढीच पुस्तकं शोधून टिपायची. टूंक, टूंक, टूंक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी यादी काढली. दोनशे चौदा पुस्तकं आपल्या खणात नव्हती.

"बेसिकली, गहाळ," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मॅडम, नियम मी केलेला नाही. शंभराच्या वर गहाळ असतील तर खोली नुसत्या यंत्रावर चालवायची आणि ग्रंथपालांना मध्यवर्ती गोदामात पाठवायचं. उद्या पाच वाजता मला अहवाल धाडायचाय."

"पुस्तकं गहाळ," तारकाका म्हणाले. "बाई गोदामात. मी कुठे?"

त्या संध्याकाळी आत्या जेवायला बसली ती गप्प. आत्या गप्प बसली की आमच्या घरात सगळे घड्याळाकडे बघतात, बंद पडलं की काय म्हणून.

बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांना कधी कुठे थांबावं ते कळत नाही. "ताई, दोनशे चौदा? अगं, एखाद-दुसरं समजू शकतो. तुझ्या नाकाखालून हातगाडी नेली की काय कुणी?"

"कुठे गेलेली नाहीत," आत्या ताटाकडे बघत म्हणाली. "तिथेच आहेत. मीच हलवलीत."

"हलवलीत म्हणजे?"

"दुसऱ्या कपाटांत ठेवलीत. चुकीच्या. मुद्दाम."

बाबांचा घास हातातच राहिला. "आणि लोकांना आयुष्यभर ओरडत आलीस की वाचलेलं पुस्तक कपाटात घालू नका, टेबलावर ठेवा, नाहीतर जागा चुकते."

"मग? त्यांनी घातलं तर माझी चुकीची जागा चुकते ना."

हे ऐकून मी पाण्याच्या घोटासकट ठसकले. पण आत्या हसत नव्हती.

"साहेबांना पहिल्याच दिवशी सांगायचंस," आई म्हणाली.

"कुठल्या तोंडाने सांगू? ग्रंथपालाने पुस्तक चुकीच्या खणात ठेवायचं म्हणजे डॉक्टरने पेशंटला खोकला देण्यासारखं आहे. तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही."

"गोदाम काही एवढं वाईट नसेल," बाबा म्हणाले. "दहा लाख पुस्तकं आहेत म्हणतात. तुला आवडतील."

"पुस्तकं असतील रे. माणसं कुठे आहेत? तिथे मी काय, उंदरांना सभासद करून घेऊ?"

विनोद चांगला होता, पण ती तो इतक्या हळू बोलली की टेबलापलीकडे बसलेल्या आईला तो पुन्हा विचारावा लागला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी आत्याबरोबरच निघाले. वाचनालय उघडल्या उघडल्या ती साहेबांसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोनशे चौदाच्या दोनशे चौदा? मुद्दाम?"

"यादी द्या इकडे," आत्या म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं ते बघायला मास्तरांनीसुद्धा पाटी दाखवायचं सोडलं. आत्या यादी वाचत पुढे, साहेब यंत्र घेऊन मागे, तारकाका शिडी घेऊन त्यांच्या मागे. "निवृत्तीनंतरचं आयुष्य... हे रहस्यकथांत. निवृत्त माणसं दुसरीकडे फिरकतच नाहीत." टूंक. "कुंडीतल्या भाज्या... स्वयंपाकाच्या खणात, डावीकडे." टूंक. "गणिताची भीती कशी घालवावी... गणितात ठेवून काय उपयोग? ज्याला भीती आहे तो तिकडे जाईल का? क्रिकेटमध्ये बघा." टूंक. "पहिली भाषणं... हे लग्नपत्रिकांच्या नमुन्यांपाशी. मुलीच्या बापाला ऐनवेळी बोलायला उभं करतात." टूंक.

"बेसिकली..." असं साहेब सहा वेळा म्हणाले आणि सहाही वेळा पुढचं वाक्य आलं नाही.

"दारू सोडण्याविषयीचं आहे ते बुद्धिबळात," आत्या म्हणाली. "संध्याकाळी हात रिकामा राहू नये म्हणून खेळ शोधायला येतात. आणि हे, नवऱ्याविरुद्ध तक्रार कशी करायची त्याचा कायदा. हे विणकामात."

साहेब थांबले. "विणकामात कायदा?"

"कायद्याचं कपाट कुठे आहे बघा. दारासमोर. आत येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो, कोण उभं आहे ते. घरात मार खाणारी बाई तिथे उभी राहील? विणकामापाशी कुणीही उभं राहतं."

साहेबांनी लोकरीच्या स्वेटरांच्या दोन पुस्तकांमधून ते पातळ पुस्तक काढलं. टूंक. मग त्यांनी पडद्यावर त्याचा इतिहास उघडला. तीन वर्षांत एकोणीस वेळा बाहेर गेलेलं. कायद्याच्या कपाटातलं सगळ्यांत चालणारं पुस्तक चार वेळा.

"एकोणीस वेळा परतही आलं," ते म्हणाले.

"येतंच. एकदा आत विणायची सुई होती, खुणेसाठी. ती बाई नंतर सुई मागायला आली, आणि जाताना मला म्हणाली, आता मी आईकडे राहते. मी म्हटलं, बरं झालं."

दुपारी दोनपर्यंत दोनशे तेरा पुस्तकं सापडली. राहिलं एक. आत्याने यादीवरचं ते नाव वाचलं, यादीची घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली.

"हे?" साहेबांनी उरलेल्या नंबरावर बोट ठेवलं. नाव ते कधी वाचतच नसत.

"हे येईल."

"कुठून येईल?"

"आपणहून येईल. पाचच्या आत."

"मॅडम, बेसिकली, आयटम चालत नाही." साहेब खुर्चीत बसले. "मी स्पष्ट सांगतो. तुम्ही म्हणता ते मला पटतंय. पण अहवालात 'पटतंय' असा रकाना नाही. सगळी दोनशे चौदा मिळाली तर मी लिहू शकतो की इथे एक पद्धत आहे. एक जरी राहिलं, तर वरचे म्हणतील ही पद्धत नाही, एका बाईंची आठवण आहे. आणि आठवण आज एक पुस्तक विसरली, उद्या दहा विसरेल. मग मी काही करू शकणार नाही."

"पाचपर्यंत थांबा," आत्या म्हणाली आणि एका आजींच्या फोनमध्ये नातवाचा चेहरा आणून द्यायला निघून गेली.

मी तिला पाण्याच्या माठापाशी गाठलं. "आत्या, कुठे आहे ते? मला सांग, मी आत्ता आणते."

"नाही."

"विसरलीस का?"

"मी आणि विसरेन?"

"मग वेड लागलंय का तुला? एका पुस्तकासाठी गोदामात जाशील."

"ऐक. दोनशे तेरा मी काढून दिली. त्यातून त्याला काय कळलं? बाईंचं डोकं बरं चालतं. डोक्याचं कौतुक करतील, शाल देतील आणि गोदामात पाठवतील. हे एक माझ्या हातून नाही आलं पाहिजे. लाव पैज."

"कसली?"

"पाचच्या आत ते काउंटरवर येणार, आणि मी त्याला बोट लावणार नाही, की कुणाला आण म्हणणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तू म्हणशील ते."

"आलं तर?"

"महिनाभर रोज सकाळी सात वाजता इथे यायचं आणि दार उघडायच्या आधीच येऊन उभ्या राहणाऱ्या त्या तीन आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. त्यांच्या तिघांत मिळून एक धड चष्मा आहे."

सकाळी सात म्हणजे माझ्यासाठी काळ्या पाण्याची शिक्षा. पण घड्याळात अडीच वाजले होते आणि पुस्तकांना पाय नसतात. मी हात पुढे केला. खरं सांगायचं तर मला हरायचंच होतं, फक्त सात वाजता नको होतं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. आत्याने दोघांना अर्ज भरून दिले, एकाला रेल्वेचं तिकीट काढून दिलं. मी दाराकडे डोळे लावून बसले, कुणीतरी पुस्तक परत घेऊन येईल म्हणून. एक माणूस धावत आला, पण त्याला फक्त टाचणी हवी होती.

चारला साहेबांच्या संगणकाची बॅटरी संपत आली. आमच्याकडे वाचकांसाठी चालणारा प्लग एकच, खिडकीशी, एकोणिसाव्या कपाटाला लागून. मोटार, पंप, वायरिंग असल्या दुरुस्तीच्या पुस्तकांचं ते कपाट. साहेब तिथे जाऊन बसले, वायर लावली आणि अहवाल लिहू लागले. मी मागच्या टेबलावर सरकले, काय लिहितात ते बघायला. 'सापडलेली: २१३. न सापडलेले: १.'

इतक्यात त्यांचा फोन वाजला. आणि साहेबांचा आवाज एकदम बदलला. त्यात एकही 'बेसिकली' नव्हतं.

"हो पिल्या. नाही ग, आज नाही येत. परवा. हो, नक्की. गोष्ट? आत्ता? बरं, हत्तीची सांगू? ... काल सांगितली? परवापण? ... ससा? ससापण झाला का?"

पलीकडून बारीक आवाजात चांगलीच झाडाझडती चालली होती. साहेबांनी छताकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग शेजारच्या कपाटाकडे बघितलं, आणि त्यांची नजर डिझेल इंजिन आणि पाण्याचा पंप ह्यांच्या मध्ये अडकली. तिथे एका पुस्तकाचा बोटभर जाडीचा पिवळा कणा होता. त्यांनी तो ओढून काढला. झोपताना मुलांना सांगायच्या छोट्या छोट्या गोष्टी.

"थांब हं. एका बेडकाची सांगतो. एक बेडूक होता, त्याला वाटायचं आपण गायक आहोत..."

आधी ते हळूच वाचत होते. मग बेडूक बोलला. मग बगळा आला. बेडूक ठीकठाक होता, घसा जरा कोरडा पडत होता त्यांचा. पण बगळा मात्र असा काही काढला की मास्तरांनी पेपर खाली घेतला, आणि पाटी दाखवली नाही. तीन गोष्टी झाल्या. पलीकडे खुदूखुदू हसू. "अजून आहेत, खूप आहेत," साहेब म्हणाले. "आज झोपताना चौथी."

पाचला दहा कमी असताना साहेब काउंटरवर आले. पिवळं पुस्तक हातात होतं. "मॅडम, मी सभासद नाही. पण हे दोन दिवस मिळेल का? मुलीसाठी."

आत्याने हात मागे घेतले. "यंत्रापुढे धरा ना. तुम्हीच बसवलंय."

त्यांनी धरलं. टूंक. पडदा हिरवा झाला. साहेबांनी तो वाचला. पुस्तकाकडे बघितलं, मग लांब खिडकीतल्या प्लगकडे, मग आत्याकडे.

"न सापडलेले शून्य," तारकाका त्यांच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "बाई इथेच. मीही."

"हे मोटारदुरुस्तीत का ठेवलंत?" साहेबांनी विचारलं.

"त्या प्लगपाशी कोण बसतं? ट्रकवाले, फिरतीवरचे विक्रेते, परगावचे परीक्षार्थी. फोन लावतात चार्जिंगला आणि घरी बोलतात. लेकरं गोष्ट मागतात. ह्यांना येत नाहीत. बालविभागात जायची मिशीवाल्याला लाज वाटते."

संगणक काउंटरवर ठेवून साहेबांनी उभ्या उभ्याच अहवालाची शेवटची ओळ खोडली. मग बोटं थांबली. "मॅडम, पद्धतीला नाव लागेल. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत मी एक जागा वाढवतो. नंबरप्रमाणे खण कुठला, आणि तुम्ही कुठे ठेवलंय. दुसऱ्याला काय म्हणू?"

"शेजार म्हणा," आत्या म्हणाली.

त्यांनी तसंच लिहिलं. यंत्र काउंटरवर राहावं, शिक्क्याचं काम त्याने करावं. ग्रंथपालांनी कपाटांमध्ये, माणसांबरोबर राहावं. बदली करू नये. पाचला दोन मिनिटं कमी असताना अहवाल गेला. तीन आठवड्यांनी वरून होकार आला, आणि सोबत एक प्रश्न: बाकीच्या वाचनालयांतल्या ग्रंथपालांना शेजार शिकवायला मॅडम महिन्यातून एकदा येतील का? आत्याने उत्तर पाठवलं: 'येईन. चहा हवा.'

साहेबांनी पिवळं पुस्तक दोन दिवसांनी नाही, दोन आठवड्यांनी आणून दिलं आणि स्वतःच्या हाताने परत पंपाशेजारी ठेवलं. टेबलावर न ठेवल्याबद्दल आत्या त्यांना ओरडली.

पैज मी हरले. आज पंचविसावी सकाळ. तिन्ही आजोबा सातला पाच कमी असतानाच दाराशी उभे असतात, आणि पहिल्या पानावरचं त्यांना काहीच नको असतं. एकाला हवामान, एकाला निधनवार्ता, आणि तिसऱ्याला निधनवार्ता सोडून काहीही. मी बाजारभाव वाचले की तिघंही तक्रार करतात की मी फार भरभर वाचते. आज सकाळी मी त्यांना शब्दकोडं वाचून दाखवलं. आडव्या सातचं उत्तर मला येत होतं आणि त्यांना येत नव्हतं, म्हणून ते तिघं वीस मिनिटं भांडले, आणि मी ते सांगितलं नाही.